दार आधी उघडं होतं

१८ एप्रिल १९४६ या दिवशी न्यू यॉर्कजवळच्या जर्सी सिटीत जॅकी रॉबिन्सन माँट्रियल रॉयल्स या संघाकडून पहिला सामना खेळला. ही इंटरनॅशनल लीग होती, म्हणजे मुख्य लीगच्या खालची पायरी. पुढच्या वर्षी, १९४७च्या एप्रिलमध्ये, तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मुख्य लीगमध्ये उतरला आणि अमेरिकन बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली. ही गोष्ट आता जगभर माहीत आहे. तिच्यावर पुस्तकं झाली, सिनेमे झाले. दरवर्षी १५ एप्रिलला मुख्य लीगचे सगळे खेळाडू त्याचा ४२ नंबर पाठीवर लावून खेळतात.

या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. रॉबिन्सन ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये उतरला, तिथे त्याच्या आधी एक काळा खेळाडू होता. ऑगस्ट १८८९मध्ये सिराक्यूज शहराच्या संघाने त्याला मोकळं केलं, आणि त्यानंतर सत्तावन्न वर्षं त्या लीगमध्ये एकही काळा माणूस दिसला नाही. हाच माणूस त्याच्याही पाच वर्षं आधी, १८८४मध्ये, मुख्य लीगमध्ये खेळून आला होता. त्याचं नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. सोबतचे लोक त्याला फ्लीट म्हणत.

रॉबिन्सनची गोष्ट ऐकताना आपण नकळत असं धरून चालतो की आधी सगळा अंधार होता, मग हळूहळू माणसं शहाणी झाली आणि उजाडलं. फ्लीट वॉकरची गोष्ट वाचली की ही समजूत टिकत नाही. दार आधी उघडं होतं. ते कोणीतरी, ठरावीक दिवशी, ठरावीक गावात, मतं मोजून बंद केलं.

*

फ्लीटचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६चा, ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट या छोट्या गावातला. हे क्वेकर पंथीयांचं गाव. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोचवण्याचं काम इथले लोक करत. पुढे वॉकर कुटुंब जवळच्या स्ट्यूबेनव्हिल शहरात राहायला गेलं. हे शहर ओहायो नदीच्या काठावर आहे. फ्लीटच्या लहानपणी नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी होती आणि पलीकडच्या काठावर ती कायदेशीर होती. वडील डॉक्टर, पुढे मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. म्हणजे घरात शिक्षण होतं, थोडीफार प्रतिष्ठाही होती.

तो आठ-नऊ वर्षांचा असताना यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी रद्द झाली. १८६८मध्ये घटनादुरुस्तीने काळ्यांना नागरिकत्व दिलं, १८७०मध्ये दुसऱ्या दुरुस्तीने पुरुषांना मताचा हक्क. त्या वर्षांमध्ये एक मोठी आशा होती, आणि ती फक्त अमेरिकेपुरती नव्हती. १८७३मध्ये पुण्याहून जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. त्या वर्षी फ्लीट वॉकर सोळा-सतरा वर्षांचा होता. ज्या अमेरिकेकडे फुले पुण्यातून बघत होते, तिच्यातच तो वाढत होता. तो बेसबॉल खेळला तो याच आशेच्या उतरत्या काळात, हे लक्षात ठेवून पुढची गोष्ट वाचायला हवी.

१८७८मध्ये तो ओबर्लिन कॉलेजात दाखल झाला. हे कॉलेज १८३५पासून, म्हणजे गुलामगिरी चालू असल्यापासून, काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देत होतं. फ्लीट सुरुवातीला अभ्यासात चांगला होता, पुढे वर्गापेक्षा मैदानावर जास्त दिसू लागला. १८८१मध्ये ओबर्लिनने पहिल्यांदा इतर कॉलेजांशी खेळणारा संघ उभा केला. त्या संघाच्या फोटोत गोऱ्या मुलांसोबत दोन काळे तरुण दिसतात. एक फ्लीट, दुसरा त्याचा धाकटा भाऊ वेल्डी. याच संघाने मिशिगन विद्यापीठाला हरवलं. मिशिगनवाल्यांना तो इतका आवडला की पुढच्या वर्षी फ्लीट त्यांच्याकडून खेळत होता आणि तिथे कायद्याचा अभ्यास करत होता. पदवी मात्र त्याने दोन्हीकडे घेतली नाही. तोवर बेसबॉल हे पोट भरण्याचं साधन होऊ शकतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

*

फ्लीट कॅचर होता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर कॅचर म्हणजे यष्टिरक्षक, पण त्याचं काम त्याहून बरंच मोठं. चेंडू टाकणारा तो पिचर. त्याने कुठला चेंडू टाकायचा, सरळ वेगात की वळवून, हे कॅचर बोटांच्या खुणांनी सुचवतो. संघातले बाकी सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि पूर्ण मैदान समोर दिसणारा तो एकटाच असतो. म्हणजे डोकं चालवण्याची जागा. काळ्या माणसाला अंगमेहनत जमते, डोकं चालवणं जमत नाही, असं ज्या समाजात सर्रास बोललं जात होतं, तिथे एक काळा माणूस या जागेवर होता.

शिवाय त्या काळी हे काम हाडं मोडणारं होतं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा नुकताच आला होता. आजचा जाड गादीचा हातमोजा अजून यायचा होता. फ्लीट कधी कातडी हातमोजे घालायचा, पण बहुतेक वेळा उघड्या हातांनीच चेंडू पकडायचा. पिचर आजच्यासारखा साडेसाठ फुटांवर नसायचा, फक्त पन्नास फुटांवर असायचा. कॅचरची बोटं मोडणं, नखं उखडणं ही रोजची बाब होती. म्हणून एक कॅचर सगळे सामने खेळू शकत नसे.

ऑगस्ट १८८१मध्ये तो क्लीव्हलंडच्या व्हाइट या शिलाई मशीन कंपनीच्या संघाकडून केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात गेला होता. केंटकी म्हणजे पूर्वीचं गुलामगिरीचं राज्य. सकाळी हॉटेलात त्याला नाश्ता नाकारला. दुपारी मैदानावर लुइव्हिलच्या खेळाडूंनी तो खेळला तर आम्ही खेळणार नाही म्हणून सांगितलं, आणि क्लीव्हलंडने त्याला बाहेर बसवलं. पण बदली कॅचरचा हात पहिल्याच डावात दुखावला. मग प्रेक्षकांतूनच वॉकरच्या नावाचा पुकारा सुरू झाला. तो मैदानात आला, त्याने सरावाचे काही चेंडू फेकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून लुइव्हिलचे दोन खेळाडू मैदान सोडून आत निघून गेले. शेवटी क्लीव्हलंडच्या तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने कॅचरची जागा घेतली, आणि वॉकर पुन्हा बाहेर.

या प्रसंगात ‘लोकांना हे चालणार नाही’ हे कारण नव्हतं. दक्षिणेच्या वेशीवरच्या त्या शहरातले प्रेक्षक त्याला बोलावत होते. नको होता तो खेळाडूंमधल्या काहींना. पुढे अनेक वर्षं संघमालक प्रेक्षकांचं नाव पुढे करत राहिले, म्हणून हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

*

१८८३मध्ये ओहायोतल्याच टोलेडो शहराच्या ब्लू स्टॉकिंग्ज या संघाने त्याला पगारावर घेतलं. संघ नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये होता. मार्चमध्येच पिओरिया शहराच्या संघाने लीगच्या बैठकीत काळ्या खेळाडूंवर बंदी घालायचा प्रस्ताव मांडला. चर्चा झाली आणि प्रस्ताव बारगळला. बंदी घालायची कल्पना होती, पण तिच्यामागे पुरेशी मतं अजून नव्हती.

१० ऑगस्ट १८८३ रोजी शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज हा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी टोलेडोला आला. त्यांचा कर्णधार कॅप ॲन्सन. हा साधा खेळाडू नव्हता. अमेरिकन बेसबॉलच्या पहिल्या पिढीचा तो सगळ्यात मोठा तारा. मैदानावर आल्या आल्या त्याने जाहीर केलं की काळा माणूस असलेल्या संघाशी आम्ही खेळणार नाही. बोलताना शिवीही वापरली.

खरं तर त्या दिवशी फ्लीटचा हात दुखत होता आणि तो खेळणारच नव्हता. पण टोलेडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन याला ही अरेरावी सहन झाली नाही. त्याने फ्लीटला मुद्दाम संघात घेतलं आणि मागच्या मैदानात उभं केलं, जिथे दुखरा हात फारसा लागणार नाही. ॲन्सनला निरोप गेला: खेळायचं नसेल तर खेळू नका, पण तिकिटांच्या पैशातला तुमचा वाटा मिळणार नाही. ॲन्सन खेळला. शिकागोने दहाव्या डावात सामना ७-६ असा जिंकला. पुन्हा असं खेळणार नाही, हे मात्र ॲन्सनने तिथेच सांगून टाकलं.

ही घटना पुष्कळदा विजयाची म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेही. एका माणसाने ताठ उभं राहायचं ठरवलं तर काय होतं हे तिच्यात दिसतं. पण ॲन्सनने कानाला खडा लावला होता. मैदानावर येऊन वाद घालण्यात तोटा आहे, हे तो शिकला होता. पुढच्या वर्षी पुन्हा सामना ठरवायची वेळ आली तेव्हा शिकागो संघाच्या चिटणिसाने टोलेडोला आधीच पत्र पाठवलं. संघाच्या संचालकांची काही हरकत नाही, पण खेळाडूंची आहे, तेव्हा काळा खेळाडू उतरणार नाही असं लेखी कळवा, असा त्याचा मतलब होता. भाषा नम्र, वाद नाही, शिवीगाळ नाही. वर्णभेद आता मैदानावरून कार्यालयातल्या पत्रव्यवहारात गेला होता.

*

१८८३मध्ये टोलेडोने आपली लीग जिंकली आणि १८८४मध्ये संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये दाखल झाला. ही लीग तेव्हा मुख्य लीग मानली जात होती, आजही तशीच मोजली जाते. १ मे १८८४ रोजी फ्लीट वॉकर मुख्य लीगमधला पहिला सामना खेळला, तोही लुइव्हिलमध्येच. तीन वर्षांपूर्वी इथेच त्याला बाहेर बसवलं होतं. दिवस वाईट गेला. एकही फटका लागला नाही, हातून चार चुका झाल्या आणि टोलेडो हरलं.

मग मात्र तो सावरला. हंगामात तो ४२ सामने खेळला, फलंदाजीची सरासरी .२६३. बेसबॉलमध्ये हा आकडा म्हणजे हजार संधींमागे २६३ फटके असा वाचायचा. लीगच्या एकूण सरासरीपेक्षा तो वरचा होता. जुलैमध्ये वेल्डीलाही संघात घेतलं आणि तो पाच सामने खेळला. मुख्य लीगमधला पुढचा उघड काळा खेळाडू दिसायला १९४७ उजाडलं.

‘उघड’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. १८७९मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्सच्या संघाकडून मुख्य लीगमध्ये एक सामना खेळला होता. त्याचे वडील जॉर्जियातले गोरे मळेवाले आणि आई त्यांच्या मालकीची गुलाम, असं या शतकातल्या संशोधनातून पुढे आलं. व्हाइट आयुष्यभर गोरा म्हणून वावरला. म्हणून कोणी त्याला पहिला म्हणतात, कोणी वॉकरला. मला या वादात फार रस नाही. पण दोघांतला फरक बोलका आहे: व्हाइटला कोणी अडवलं नाही, कारण अडवायचं आहे हे कोणाला दिसलंच नाही.

वॉकरच्या त्या हंगामातली सगळ्यात जास्त लक्षात राहणारी साक्ष त्याच्याच संघातल्या माणसाची आहे. टोलेडोचा मुख्य पिचर टोनी मलेन, आयर्लंडमध्ये जन्मलेला, त्या वर्षी ३६ सामने जिंकणारा. १९१९मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी, त्याने काळ्या समाजाच्या एका वृत्तपत्राला हकीकत सांगितली. वॉकर हा मला मिळालेला सगळ्यात चांगला कॅचर, असं तो म्हणाला. आणि त्याच दमात म्हणाला की मला काळा माणूस आवडत नसे, म्हणून मी त्याच्या खुणा बघायचोच नाही, मनात येईल तो चेंडू टाकायचो. एकदा वॉकरने वळणाऱ्या चेंडूची खूण केली आणि मलेनने सरळ वेगवान चेंडू मारला. वॉकरने तो पकडला, चालत त्याच्यापर्यंत आला आणि सांगितलं: खुणांशिवाय पकडायचं तर मी पकडेन, पण मी खूण केल्यावर तुम्ही उलटं टाकणार असाल तर पकडणार नाही. मग उरलेला हंगाम तो काय येतंय हे माहीत नसताना, मलेन जे टाकेल ते पकडत राहिला.

पन्नास फुटांवरून येणारा, वळेल की सरळ येईल हे न कळणारा चेंडू, आणि पकडणारे हात जवळजवळ उघडे. वॉकरच्या नावावर जमा झालेल्या चुका आणि चुकलेले चेंडू आकड्यांच्या तक्त्यात आजही दिसतात. त्यातले किती मलेनचे हे तक्ता सांगत नाही. ‘संधी दिली होती, त्याने सोनं केलं नाही’ असा निवाडा देताना हा हिशेब कोण धरतो? आपला स्वतःचाच पिचर आपल्याविरुद्ध खेळत असेल तर गुणवत्ता मोजायची कशी? मलेनला त्याची गुणवत्ता दिसत नव्हती असंही नाही. त्याला ती इतरांपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होती, आणि तिने काही फरक पडला नाही.

जुलैत एक उडालेला चेंडू लागून फ्लीटची बरगडी मोडली. सप्टेंबरमध्ये मॉर्टनच्या हाती व्हर्जिनियातल्या रिचमंडहून एक पत्र आलं. रिचमंड म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेची राजधानी. ऑक्टोबरमध्ये टोलेडोचे तिथे सामने होते. वॉकर खेळायच्या कपड्यांत दिसला तर पंचाहत्तर माणसांनी त्याच्यावर हल्ला करायची शपथ घेतली आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली चार सह्या, चारही खोट्या नावांच्या. तो रिचमंडला गेलाच नाही. दुखापतीमुळे संघाने त्याआधीच त्याला मोकळं केलं होतं. हंगाम संपल्यावर टोलेडोचा संघही बंद पडला.

*

यानंतर तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला: क्लीव्हलंड, वॉटरबरी, आणि १८८७मध्ये न्यू यॉर्कजवळचं न्यूअर्क. न्यूअर्कमध्ये त्याला जॉर्ज स्टोव्ही हा काळा, डावखुरा पिचर भेटला. गोऱ्यांच्या लीगमध्ये पिचर आणि कॅचर दोघेही काळे, असं याआधी झालेलं माहीत नाही. आता खुणा बघणारा माणूस समोर होता. स्टोव्हीने त्या वर्षी तीसहून जास्त सामने जिंकले.

त्या हंगामात इंटरनॅशनल लीगमध्ये निरनिराळ्या संघांत मिळून सात काळे खेळाडू होते. बफेलोमध्ये फ्रँक ग्रँट, बिंगहॅम्टनमध्ये बड फाउलर, सिराक्यूजमध्ये पिचर रॉबर्ट हिगिन्स. सात हा आकडा लहान वाटेल, पण गोऱ्या खेळाडूंना तो डोईजड वाटू लागला होता. एक अपवाद म्हणून खपवून घेता येतो. सात म्हणजे उद्या सतरा. सिराक्यूजमध्ये हिगिन्स चेंडू टाकत असताना त्याचेच सहकारी मुद्दाम चेंडू सोडत होते. एक सामना ते २८-८ने हरले. संघाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा हिगिन्ससोबत बसायला दोघांनी नकार दिला.

१४ जुलै १८८७ हा तो दिवस. त्या दिवशी न्यूअर्कमध्ये ॲन्सनच्या शिकागोविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. स्टोव्ही चेंडू टाकणार असं आधी जाहीर झालं होतं. ऐनवेळी सांगितलं गेलं की त्याला बरं वाटत नाही. वॉकरही खेळला नाही. या वेळी अडून बसणारा चार्ली मॉर्टन नव्हता. आणि त्याच दिवशी बफेलोमध्ये लीगच्या संचालक मंडळाची बैठक भरली होती. अनेक चांगले गोरे खेळाडू काळ्यांमुळे लीग सोडायला निघाले आहेत, असं कारण देऊन ठराव मंजूर झाला: यापुढे काळ्या खेळाडूंचे नवे करार मान्य करायचे नाहीत. मतं सहा विरुद्ध चार. ज्या चार संघांत काळे खेळाडू होते त्यांनी विरोध केला. ज्यांच्याकडे एकही नव्हता त्यांनी बंदी आणली.

या सगळ्याचं खापर इतिहासात ॲन्सनवर फुटतं. माणूस त्या लायकीचा होता यात शंका नाही. पण ते सोयीचंही आहे. ॲन्सन इंटरनॅशनल लीगमध्ये नव्हता, बफेलोच्या बैठकीत नव्हता, तिथे त्याला मत नव्हतं. ती सहा मतं देणारी माणसं व्यापारी होती, गावातली प्रतिष्ठित होती. त्यांनी शिवी दिली नाही, धमकीचं पत्र लिहिलं नाही. त्यांनी हिशेब केला. आज त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत, आणि एका कुप्रसिद्ध माणसाचं नाव घेतलं की त्या सहा हातांचा विसर पडतो.

देशातही हेच चालू होतं. ॲन्सनच्या टोलेडोच्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १८८३मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने १८७५चा नागरी हक्क कायदा रद्दबातल ठरवला होता. हॉटेलात, रेल्वेत, नाट्यगृहात काळ्यांना मज्जाव करायला त्याच कायद्याची आडकाठी होती. १८९६मध्ये ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर न्यायालयाची मोहोर उमटली. बेसबॉलने त्याच्या नऊ वर्षं आधीच आपलं ठरवून टाकलं होतं.

*

जुने करार चालू ठेवायची मुभा असल्यामुळे फ्लीट पुढची दोन वर्षं सिराक्यूजकडून खेळला. १८८८मध्ये संघाने लीग जिंकली. त्या सप्टेंबरमध्ये शिकागोचा संघ तिथेही आला, ॲन्सनने तिथेही नकार दिला, आणि फ्लीट बाहेर बसला. पाच वर्षांपूर्वी टोलेडोत जे मोडून काढलं होतं, ते आता वादाशिवाय पार पडलं.

त्याच वर्षी ओहायोतल्या ट्राय-स्टेट लीगने काळ्यांना करार न देण्याचा नियम केला. वेल्डी वॉकरने लीगच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं आणि मार्च १८८८मध्ये ते ‘स्पोर्टिंग लाइफ’ या साप्ताहिकात छापून आलं. खेळाडूला बाहेर ठेवायचं तर त्याची कुवत, वागणूक, बुद्धी ही कारणं असावीत, रंग नव्हे, असं त्याने म्हटलं. आणि पुढे उपरोधाने सुचवलं की नियम ठेवायचाच असेल तर काळ्या माणसाने मैदानात पाऊल टाकणं हाच गुन्हा ठरवा, कारण प्रेक्षक म्हणून आलेल्या काळ्यांचे पैसे तुमच्या गल्ल्यात गोऱ्यांच्या पैशांसारखेच पडतात. तो नियम पुढे मागे घेतला गेला, पण कोणाला काय करायचं ते कळून चुकलं होतं.

हळूहळू लेखी नियमाची गरजच उरली नाही. १९४२मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जाहीरपणे सांगितलं की काळ्या खेळाडूंवर बंदी घालणारा कुठलाही नियम, लेखी वा तोंडी, अस्तित्वात नाही. लेखी नियमापुरतं ते खरं होतं. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. ‘आमच्याकडे असं काही नाही हो’ म्हणणारी आणि तरीही अमक्या आडनावाच्या माणसाला घर भाड्याने न देणारी सोसायटी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

*

ऑगस्ट १८८९मध्ये सिराक्यूजने सोडल्यावर फ्लीट तिथेच राहिला. एप्रिल १८९१मध्ये रस्त्यात काही गोऱ्यांशी त्याची बाचाबाची झाली. त्याला डोक्यात दगड लागला, त्याने चाकू काढला आणि पॅट्रिक मरे नावाचा माणूस मेला. खटला उभा राहिला. जूनमध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि कोर्टात जमलेल्या लोकांनी जल्लोष केला. हा जल्लोष करणाऱ्यांत त्याला मैदानावर पाहिलेले लोक असणारच. त्याच वर्षी त्याने तोफगोळ्याच्या एका रचनेचं पेटंट मिळवलं.

पुढचं आयुष्य सरळ रेषेत गेलं नाही. तो रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून झाला, १८९८मध्ये टपालातले पैसे चोरल्याच्या आरोपाखाली दोषी ठरला आणि एक वर्ष तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर वेल्डीसोबत वृत्तपत्र काढलं. ओहायोतल्या कॅडिझ गावात नाट्यगृह चालवायला घेतलं. तिथे नाटकं होत, पुढे सिनेमे दाखवले जात. चित्रपटाच्या रिळांसंबंधी त्याने १९२०मध्ये आणखी पेटंटं मिळवली. जे करील त्यात डोकं लढवणारा हा माणूस होता.

आणि १९०८मध्ये त्याने ‘अवर होम कॉलनी’ नावाची ४७ पानांची पुस्तिका लिहिली. अमेरिकेतल्या काळ्यांचा भूत, वर्तमान आणि भविष्य असा तिचा विषय. निष्कर्ष असा की गोरे आणि काळे या देशात बरोबरीने कधीच राहू शकणार नाहीत, आणि काळ्यांनी आफ्रिकेला निघून जाणं हाच एक मार्ग आहे.

हे वाचताना त्रास होतो. ज्याचे आईवडील मिश्र वंशाचे, जो गोऱ्यांसोबत ओबर्लिनमध्ये शिकला, गोऱ्यांच्या संघांत खेळला, गोऱ्या ज्यूरीने सोडलेला, तो म्हणतो की हे जमणार नाही. त्याला चूक म्हणणं आज सोपं आहे, कारण रॉबिन्सनचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पण फ्लीटच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याने पुढचं नव्हे, मागचं पाहिलं होतं. त्याच्या विशीत दार उघडं होतं, तिशीत ते बंद झालं, पन्नाशीत तिथे दार होतं हेही कोणी बोलत नव्हतं. काळ पुढे सरकला की न्याय आपोआप वाढतो, या समजुतीविरुद्धचा पुरावा म्हणजे त्याचं स्वतःचं आयुष्य होतं.

११ मे १९२४ रोजी क्लीव्हलंडमध्ये न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. वय सदुसष्ट. स्ट्यूबेनव्हिलच्या युनियन दफनभूमीत त्याला पुरलं. ॲन्सनचं नाव १९३९मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. फ्रँक ग्रँटचं २००६मध्ये गेलं, बड फाउलरचं २०२२मध्ये. फ्लीट वॉकर तिथे नाही. बेचाळीस सामन्यांवर कोणी तिथे पोचत नाही.

रॉबिन्सन ज्या दिवशी ब्रुकलिनमध्ये उतरला, त्या दिवशी फ्लीटच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला गेला १९९०मध्ये, ओबर्लिन कॉलेजच्या जुन्या खेळाडूंच्या पुढाकाराने. तोवर सहासष्ट वर्षं तिथे फक्त गवत होतं.